‘दीर्घ श्वास घे’ म्हणजे नेमका कोणता?

माणूस घाबरला, उदास झाला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: ‘दीर्घ श्वास घे.’ मग तो बिचारा खांदे कानाला भिडवतो, छाती फुगवतो आणि भसाभसा पाच-सहा श्वास ओढतो. हा मोठा श्वास. सगळ्यांना येतो, त्यावर शब्द खर्चत नाही.

उपयोगी पडतो तो संथ श्वास. यात हवा किती घेतली ते गौण. मिनिटाला किती वेळा घेतली ते बघायचं. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, इथे साधारण ६ वर यायचं. चार अंक मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पोट हलावं, खांदे नाही. मांडी घाला नाहीतर खुर्चीत बसा, काही फरक पडत नाही.

‘मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो’ हे ऐकलं की माझं डोकं उठतं. निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण मुळातच ९५ टक्क्यांच्या वर असतं, त्यात आणखी कोंबणार किती? भराभर मोठे श्वास घेतले की उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये श्वसनाच्या वर्गात एका काकूंना अशाच मुंग्या आल्या, तर शिकवणारे म्हणाले, ‘ऊर्जा चढतेय, अजून जोरात!’ ज्याला पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा त्रास आहे, त्याला तर हे म्हणजे नवा झटकाच वाटणार.

आणि हो, संथ श्वासानेही नैराश्य ‘बरं’ होत नाही. बेचैनी उतरते, काहींना झोप लागायला मदत होते. गोळ्या आणि समुपदेशन चालूच ठेवायचं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर श्वास मोजत बसू नका, घरातल्या कुणाला तरी सांगा, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. श्वासाकडे लक्ष दिल्यावर घाबरायला होत असेल तर डोळे उघडून सरळ थांबा.

काकू आता घरीच करतात, गॅलरीत, रोज पाच मिनिटं. शेजारी बसलं तरी श्वास ऐकू येत नाही.