सार्वजनिक जागेतील खासगीपण

चारचौघांना दिसेल अशा जागी असतानाही आपले काही खासगी राहावे असे माणसाला वाटणे, आणि ते वाटणे समाजाने व कायद्याने वाजवी धरणे, म्हणजे सार्वजनिक जागेतील खासगीपण.

वाजवीपणाची कसोटी अमेरिकेतल्या कॅट्झ खटल्यातून (१९६७) पुढे आली. सार्वजनिक टेलिफोन बूथमधले बोलणे तपास यंत्रणेने बाहेर यंत्र लावून ऐकले होते. बूथ काचेचा, त्यामुळे आतला माणूस रस्त्यावरून सरळ दिसत होता. न्यायालय म्हणाले, त्याने दार ओढून घेतले ते लोकांच्या कानांपासून वाचायला, नजरेपासून नव्हे. भारतात पुट्टस्वामी खटल्यात (२४ ऑगस्ट २०१७) सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण मूलभूत हक्क ठरवले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून हा हक्क संपत नाही, कारण तो व्यक्तीला जोडलेला असतो. अपेक्षा मात्र जागेनुसार कमी-जास्त होते, असेही पीठाने म्हटले.

ही कमी-जास्त अपेक्षा सोलापुरात रोज दिसते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की गच्च्यांवर अंथरुणे पडतात. शेजारच्या गच्चीवरून सगळे दिसते, तरी रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस तिकडे टक लावत नाही. लावलीच तर ‘काय बघायलास बे?’ ऐकावे लागते. पूर्व भागात बाया दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. जाता-येता कुणीही पाहावे, त्याचे त्यांना काही नसते. तोच माणूस मोबाइल रोखून उभा राहिला की पदर सावरला जातो आणि गप्पा थांबतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीचे छायाचित्र काढताना शेकडो चेहरे येतात, त्याला हरकत कोण घेणार? एकाच मुलीमागे कॅमेरा फिरू लागला तर मात्र गर्दीचे निमित्त पुरत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण गुन्हा ठरवते, मग जागा खासगी असो वा सार्वजनिक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकी रस्त्यावरच्या साध्या छायाचित्रणावर सरसकट बंदी नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने आपल्या गच्चीकडे तोंड करून लावलेला सीसीटीव्ही ‘घरगुती’ म्हणायचा का, यावर भांडायला भरपूर जागा आहे.