क्युरिंग म्हणजे नेमकं काय? : एका रबर-शिक्षकाच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

रबराची गोष्ट १८३९पासून, म्हणजे चार्ल्स गुडइयरला रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करायची युक्ती सापडली तिथपासून, सांगायची पद्धत आहे. ती बहुतेकांना ठाऊक असते. पुण्यातल्या ज्या सरांबद्दल हे टिपण आहे, त्यांचा काळ पुष्कळ अलीकडचा. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) १९५०मध्ये सुरू झाली, साठीच्या दशकात देशात कृत्रिम रबर बनू लागलं. पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरीत वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने वाढले. त्यांना कृत्रिम रबरं लागत: ऑइल सीलला नायट्राइल, रेडिएटरच्या होजला ईपीडीएम. मिलवर, म्हणजे रबर मळणाऱ्या दोन रुळांच्या यंत्रावर, हात बसलेले कामगार होते, पण मिलवर काय घडतं ते मराठीत समजावणारे थोडे. सर प्रयोगशाळेतून शिकवण्याकडे वळले ते यामुळे. शोधनिबंध आटले, अशी टीका तेव्हा झाली. मला ती आजही पटत नाही.

त्यांची खरी झुंज एका शब्दाशी होती. रबर गंधकासोबत तापवण्याच्या याच क्रियेला पुस्तकात 'व्हल्कनीकरण', पंक्चरवाल्याच्या पाटीवर 'व्हल्कनायझिंग', कारखान्यात 'क्युरिंग'. पुण्यात क्युरिंग म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो स्लॅबवर पाणी मारणारा माणूस. तिथे जितके दिवस ओल टिकेल तितकं काँक्रीट भक्कम. हीच समजूत प्रेसपाशी, म्हणजे रबर साच्यात दाबून तापवणाऱ्या यंत्रापाशी, आली की घोटाळा. रबराला वेळेची मर्यादा असते. गंधकामुळे लांबलचक रेणूंमध्ये पूल बांधले जातात. नैसर्गिक रबर साच्यात जास्त वेळ तापत राहिलं, तर तेच पूल तुटू लागतात आणि माल पुन्हा मऊ पडतो. त्याला 'रिव्हर्जन' म्हणतात. "नरम लागतोय, आणखी दोन मिनिटं दे" हा सल्ला म्हणूनच उलटू शकतो. त्याउलट, मिलवरच माल जास्त तापला की साच्यात जाण्याआधीच तो गाठी धरतो, तो 'स्कॉर्च'. रबर तापताना मिनिटागणिक किती घट्ट होतं ते मोजणारं यंत्र म्हणजे रिओमीटर; सर त्याचा आलेख फळ्यावर काढून ही दोन टोकं दाखवत, मग मधली सुरक्षित जागा मुलांना शोधायला सांगत. शब्द मात्र त्यांनी बदलला नाही, कारखान्यात तोच चालतो म्हणून. निदान 'पक्वन' रुजवायला हवं होतं, असं काही सहकाऱ्यांचं मत होतं.

नंतरच्या काळात प्रश्न प्रवेगकांचा, म्हणजे क्युरिंग लवकर व्हावं म्हणून मिसळायच्या रसायनांचा, झाला. काही प्रवेगकांतून तापताना नायट्रोसमाइन बनतात आणि त्यांतली अनेक कर्करोगकारक मानली जातात, त्यामुळे जुन्या कृती बदलाव्या लागल्या. प्रवेगक बदलला की आलेखही बदलतो, मग प्रेसची मिनिटं पुन्हा ठरवावी लागतात.