बंबावरच्या जवानाची कंबर

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात उन्हं तापायला लागली की उसाच्या फडांना आगी लागू लागतात. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींवर घासतात, ठिणगी वाळल्या पाचटावर पडते आणि बघता बघता फड पेटतो. बंब रस्त्याकडेला थांबतो, कारण पुढे रानात त्याचं चाक रुततं. तिथून पुढचं सगळं माणसाच्या अंगावर. होज म्हणजे पाण्याचे लवचिक पाइप उलगडायचे, त्यांच्या टोकांची कपलिंग, म्हणजे जोडण्या, जोडायची, पाणी सुटल्यावर भरलेला होज सऱ्यांमधून ओढत न्यायचा आणि आग विझल्यावर तोच चिखलाने माखलेला होज परत आणायचा. भाजणं हाच जवानाचा मोठा धोका, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत आगीच्या ठिकाणी होणाऱ्या दुखापतींची दरवर्षी मोजदाद होते. तिथे वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा गट आहे लचक, मुरगळ आणि अतिश्रमाने आलेला ताण यांचा.

होजचंच गणित घ्या. आपल्याकडचा नेहमीचा डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या १५ मीटरच्या एका लांबीत साधारण ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे ४७ किलो. दोन लांब्या जोडल्या की नव्वदीच्या पुढे, आणि त्यात होजचं आणि कपलिंगचं वजन धरलेलं नाही. हा बोजा एकट्याने हिसके मारत ओढायचा नसतो. दर कपलिंगपाशी एक माणूस उभा करायचा, होज खांद्यावर किंवा कमरेशी अंगालगत धरायचा आणि हातांनी न खेचता पायांनी चालायचं. काम संपल्यावर पाणी काढायची पद्धतही तितकीच साधी आहे. कपलिंग सोडायची, एका टोकाला होजखाली खांदा घालायचा आणि हाताखालून होज पुढे सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. खांद्यावरच्या उंचवट्यातून पाणी पुढे ढकललं जातं आणि मोकळ्या तोंडातून भळभळ बाहेर पडतं. दोन मिनिटांचं काम. घाईत ते टाळून अर्धा भरलेला होज गुंडाळणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतलेच संध्याकाळी कमरेला बाम चोळत बसतात.

कमरेत नेमकं काय घडतं? पाठीच्या कण्यातले कमरेचे मणके पाच. त्यांच्यामधल्या चकत्या करंजीसारख्या असतात: बाहेर चिवट आवरण, आत चिकट सारण. पुढे वाकलं की पुढची कड दाबली जाते आणि सारण मागे सरकू पाहतं, नेमकं जिथून पायाकडे जाणाऱ्या नसा निघतात त्या बाजूला. वाकलेलं धड आणि हातातलं ओझं सावरून धरतात ते कण्यामागचे स्नायू. चकतीच्या मध्यापासून हे स्नायू जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. ओझं मात्र पुढे, अर्ध्या मीटरवर. तरफेचा नियम शाळेत शिकलोय आपण सगळेच: भुजा दहापट तोकडी असेल तर बळ दहापट लागतं.

२० किलोचं यंत्र शरीरापासून ५० सेंटिमीटरवर धरून कमरेत वाकलेला जवान समोर आणा. नुसत्या यंत्रासाठी स्नायूंना २०० किलोंचं बळ लावावं लागतं. त्याच्या स्वतःच्या धडाचं, डोक्याचं आणि हातांचं वजन ४० किलो आणि त्याचा भारमध्य २५ सेंटिमीटर पुढे धरला, तर आणखी २०० किलो. एकूण ४००, आणि हे सगळं त्या एका चकतीला चेपत असतं. आता तेच यंत्र पोटाशी, २५ सेंटिमीटरवर आणलं आणि धड कमी झुकल्यामुळे त्याचा भारमध्य १५ सेंटिमीटरवर आला, तर हिशेब २२० पर्यंत उतरतो. यंत्राचं वजन ग्रॅमभरही घटलेलं नाही.

अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेने कमरेच्या चकतीवरच्या दाबाची मर्यादा ३४०० न्यूटन धरली आहे, म्हणजे सुमारे ३४७ किलो. त्यांच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलायचं कमाल वजन आहे २३ किलो. अनुकूल म्हणजे ओझं २५ सेंटिमीटरवर, उभ्या माणसाच्या हाताच्या मुठीइतक्या उंचीवर, कंबर न पिळता आणि पकड पक्की असताना. अंतर ५० सेंटिमीटर झालं की परवानगी निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. जवानाच्या अंगावर कोट, बूट, हेल्मेट आणि श्वसनसंच मिळून वीस-पंचवीस किलो आधीच चढलेले असतात, हे त्या सूत्रात कुठेच नाही.

'कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका' हा सल्ला इतक्या भिंतींवर रंगवलेला दिसतो की त्यावर शंका घेणं पाप वाटावं. पण १९९९ मध्ये काही डच संशोधकांनी दोन्ही पद्धतींवरचे अभ्यास तपासले, तेव्हा उकिडवं बसून उचलणं सरसकट चांगलं ठरवायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. कारण उघड आहे. वस्तू दोन गुडघ्यांच्या मधे मावत असेल तर उकिडवं बसल्यावर ती पोटाशी येते. ती रुंद असेल तर गुडघे आड येतात, ओझं आणखी पुढे ढकललं जातं आणि कमरेचा भार उलट वाढतो. गुडघे वाकवण्याचं मोल तेवढंच, जेवढं त्याने ओझं अंगाजवळ येतं. म्हणून रुंद वस्तूला आधी एक कड उचलून उभी करावी, मांडीवर टेकवावी आणि मग उठावं.

बेळगावच्या रविवार पेठेत हमाल पोतं कसं घेतो ते पाहा. तो जमिनीवरून पोतं उचलतच नाही. दोघे जण पोतं उंच करतात, तो पाठ देऊन खाली शिरतो आणि मानेच्या खाली, खांद्यांच्या पट्ट्यावर ते घेतो. भार कण्याच्या रेषेवर येतो, पुढे ओढणारी भुजा जवळजवळ उरतच नाही. नायॉशचं नाव त्याच्या कानावर गेलं असायचं कारण नाही. त्याच्या मणक्यांची झीज होत नाही असा याचा अर्थ नव्हे, वर्षानुवर्षांच्या दाबाची किंमत तोही मोजतो. पण लचक भरायचा तो पहिला क्षण, जमिनीवरून वर येण्याचा, त्याने पद्धतीतूनच काढून टाकलाय.

जवानाची खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे वेळ. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यावर पहिल्या तासाभरात हे जादा पाणी बरंचसं निघून जातं. शेतकरी उठतो, चूळ भरतो, चहा घेतो, गोठ्यात जातो. तोवर चकती पूर्वपदावर येऊ लागते. पहाटे तीनला घंटा वाजलेला जवान मिनिटभरात बंबात असतो. तिथे तो पोक काढून बसतो, खानापूरकडच्या खड्ड्यांतून हादरे खातो, आणि त्या बसण्याने कमरेमागचे अस्थिबंध सैल पडतात. उतरल्या उतरल्या पहिलंच काम म्हणजे वाकून जड सक्शन होज, म्हणजे पाणी खेचून घेणारा पाइप, ओढणं. कमरेला इजा व्हावी म्हणून कुणी ठरवून क्रम लावला असता तर याहून वेगळा लावला नसता. घंटा थांबवता येत नाही. पण बंबात पाठ टेकून बसता येतं, उतरल्यावर ताठ उभं राहून हात वर ताणायला चार सेकंद पुरतात, आणि पहिलं ओझं कमरेच्या उंचीवरचं निवडता येतं.

माणसाला उचलणं हे यापेक्षा अवघड. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह असतो. त्यातल्या प्रात्यक्षिकांत खांद्यावर आडवा माणूस टाकून धावणारा जवान दिसला की टाळ्या पडतात. आपल्याकडच्या तालमींतल्या पोरांना हा प्रकार ओळखीचा वाटतो, कारण तो कलाजंगच आहे: खाली शिरायचं, एक हात मांडीतून घालायचा, समोरच्याला खांद्यांवर घेऊन उठायचं. आखाड्यात मात्र समोरचा गडी उभा असतो, अंगात ताठा असतो आणि त्याचाच जोर आपल्या कामी येतो. बेशुद्ध माणूस जमिनीवर पडलेला असतो. त्याचं ७० किलोंचं शरीर चारी बाजूंनी ओघळतं, जवानाच्या पाठीवर सिलिंडर असतो, आणि धूर वरून खाली भरत येत असतो. उभं राहिलं की दोघांचीही डोकी सगळ्यात तापलेल्या आणि विषारी थरात जातात. पेटत्या घरात ही पद्धत आता बऱ्याच दलांनी मागे टाकली आहे, आणि ते योग्यच झालं.

त्याऐवजी ओढायचं. चादर किंवा सतरंजी खाली सरकवायची, डोक्याकडची दोन टोकं मुठीत गुंडाळून घ्यायची आणि खाली बसत, मागे रेलत सरकायचं. शहाबादी फरशीवर चादरीचा घर्षणांक ०.३ ते ०.४ धरला, तर ७० किलोंच्या माणसाला हलवायला २१ ते २८ किलोंचं बळ लागतं. शिवाय ते बळ येतं पायांतून आणि मागे झुकलेल्या अंगाच्या वजनातून, कंबर जवळजवळ मोकळी राहते. चादर नसेल तर काखेखालून हात घालून छातीशी धरून मागे ओढायचं. जिन्यावरून उतरवतानाही तसंच: डोकं आणि खांदे आपल्या हातांवर, टाचा पायऱ्यांवर आपटू द्यायच्या. टाचेला लागेल, जीव वाचेल.

पुरात मात्र ओढून भागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी चढल्या होत्या. अशा वेळी घरातल्या वयस्कर माणसाला बोटीपर्यंत नेताना घरातलीच हात असलेली खुर्ची कामाला येते. त्यांना तीत बसवून एकाने खुर्चीच्या पाठीची बाजू धरायची, दुसऱ्याने खुर्चीचे पुढचे पाय. जिना उतरताना भार खालच्या माणसाकडे जास्त सरकतो, म्हणून तिथे दोघांतला दणकट गडी हवा.

दोघांनी मिळून उचललं की क्षमता दुप्पट होते, हा एक गोड गैरसमज आहे. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याचा ढोबळ अंदाज असा की दोघांची एकत्रित ताकद त्यांच्या बेरजेच्या दोन तृतीयांश भरते, तिघांची जेमतेम निम्मी. उंची सारखी नसते, पकड सारखी नसते आणि मुख्य म्हणजे क्षण सारखा नसतो. आपल्या भागात एका शिडीखाली एक खांदा खानापूरचा असतो, दुसरा बैलहोंगलचा. हुकूम 'ओंदु, एरडु, मूरु' असा येवो की 'एक, दोन, तीन', दोन्ही सगळ्यांना कळतात. घोळ होतो तो तीन म्हणतानाच उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, यात. अर्धा सेकंद आधी उठणाऱ्याच्या वाट्याला तेवढ्यापुरतं दुसऱ्याचंही ओझं येतं. म्हणून आकड्यांनंतर 'उचल' किंवा 'एत्तु' हा वेगळा शब्द हवा आणि तो एकाच माणसाने उच्चारायचा, शक्यतो ज्याला सगळे दिसतात त्याने.

कमरेच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत. निरोगी माणसाला ते इजेपासून वाचवतात याचा पुरावा नाही, असं नायॉशने १९९४ मध्येच सांगितलंय. नुसत्या प्रशिक्षणाचंही तेच. उचलण्याचं तंत्र शिकवल्याने पाठदुखी टळते असं कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात दिसलं नाही. मग हा लेख कशाला, असं कुणी विचारेल. तर, तंत्र डोक्यात राहून भागत नाही, ते बंबाच्या रचनेत उतरावं लागतं. सगळ्यात जड वस्तू मधल्या कप्प्यात, मांडी ते छाती या उंचीत. हलक्या वस्तू वर आणि खाली. प्रत्येक पेटीवर तिचं वजन रंगवलेलं, आणि ठरावीक वजनापुढे 'दोघे' असं लिहिलेलं, कन्नडमध्ये आणि मराठीतही. पहाटे तीनला, अर्धवट झोपेत, पाठ केलेलं तंत्र आठवत नाही. हात मात्र समोर येईल त्या कप्प्यात जातो.