हुकलेला पंच दिसतो कुणाला? बॉक्सर स्टार कसा होतो त्यामागचं विज्ञान

१३ एप्रिल २०१३ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये गिलेर्मो रिगोन्दोने नोनितो डोनेरला हरवलं आणि प्रेक्षक मधूनमधून हुर्यो उडवत होते, तीही जिंकणाऱ्याची. रिगोन्दो क्यूबाचा, २००० आणि २००४ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक गोल्ड मिळवलेला. समोरचा डोनेर पण ऐरागैरा नव्हता, अमेरिकेतल्या बॉक्सिंग पत्रकारांनी २०१२ चा बेस्ट बॉक्सर म्हणून निवडलेला. डोनेरच्या लेफ्ट हुकला, म्हणजे डाव्या हाताने बाजूने वळवून मारलेल्या पंचला, सगळे टरकून असायचे आणि रिगोन्दो बारा राउंड त्या हुकच्या किंचित बाहेर राहिला, हुक आला की अर्धं पाऊल मागे, हात रिकामा फिरला की आपला लेफ्ट आत आणि लगेच परत बाहेर. दहाव्या राउंडमध्ये तो एकदा खाली पडला खरा, पण बाराव्यात त्याच्या एका लेफ्टनंतर डोनेर उजव्या डोळ्यावर ग्लोव्ह धरून फिरत होता. तिन्ही जजनी रिगोन्दोला जिंकवलं. इतकं स्वच्छ बॉक्सिंग फार कमी बघायला मिळतं असं माझं ठाम मत आहे, तरी त्यानंतर त्याच्या फाइट टीव्हीला विकणं प्रमोटरला, म्हणजे फाइट भरवणाऱ्याला, जड जायला लागलं आणि आज बॉक्सिंग न बघणाऱ्या माणसाला हे नावच माहीत नसतं.

असं का होतं? सुरुवात डोळ्यांपासून करू.

काहीतरी दिसलं की मेंदूने ते ओळखून हात हलवायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आणि चांगल्या बॉक्सरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, पोचायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, कधी त्याहून कमी. म्हणजे पंच निघाल्यावर वाचू असं कुणी ठरवलं तर तो मार खाणारच. म्हणून मुरलेला बॉक्सर समोरच्याचा खांदा, कंबर, पुढच्या पायावर पडलेलं वजन यावरून पंच निघायच्या आधीच ओळखतो. आपण घरी बसून बघतो तेव्हा आपली नजर ग्लोव्हवर असते. त्यामुळे खरं काम जिथे चाललंय तिथे आपण बघतच नाही.

अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा शोल्डर रोल घ्या, म्हणजे खांद्याने पंच घसरवायची त्याची पद्धत. डावा हात खाली पोटावर आडवा, उजवा हनुवटीजवळ, डावा खांदा वर उचलून जबड्यावर झाकलेला. समोरून राइट आला की तो कमरेतून थोडासा वळतो, पंच खांद्यावरून घसरून जातो आणि त्याच वळण्यात त्याचा उजवा हात उलटा मारायला तयार झालेला असतो. डोकं हललं किती तर चार बोटं. नवख्या प्रेक्षकाला यात दिसतं एवढंच की पंच लागला नाही, म्हणजे काही झालंच नाही! नॉकआउट मात्र सगळ्यांना दिसतो, त्याला काही शिकावं लागत नाही.

स्टार कसा होतो यावर अर्थशास्त्रात दोन गाजलेले पेपर आहेत. शर्विन रोझेनने १९८१ मध्ये मांडलं की टीव्हीसारख्या माध्यमामुळे एकच माणूस लाखो लोकांपर्यंत पोचतो, मग थोडासाच कमी असलेला दुसऱ्या नंबरवाला कोण बघणार, सगळे पहिल्याकडेच जातात आणि टॅलेंटमधला छोटा फरक कमाईत प्रचंड होतो. पण १९८५ मध्ये मोशे अॅडलर म्हणाला की फरक अजिबात नसला तरी स्टार तयार होतो, कारण एखाद्या गोष्टीची मजा तिच्याबद्दल आपल्याला किती माहिती आहे आणि तिच्यावर बोलायला आजूबाजूला किती लोक आहेत यावर ठरते. आपल्याला हे क्रिकेटमुळे लगेच कळेल. गावसकरने ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडला की आपल्याकडे लोक वा म्हणायचे, कारण बॉल सोडण्यात काय कसब आहे हे घरात, नाक्यावर बोलून बोलून अंगात भिनलेलं असतं. रिगोन्दोचं अर्धं पाऊल म्हणजे तसाच सोडलेला बॉल, फक्त तो समजावून सांगणारे काका प्रत्येक घरात नाहीत.

बोलायला लोक असणं किती महत्त्वाचं, याचा एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी १४ हजारांहून जास्त लोकांना ऐकवली. काहींना बाकीच्यांनी काय डाउनलोड केलं ते दिसत नव्हतं, काहींना दिसत होतं, आणि हे दुसरे लोक आठ वेगवेगळ्या गटांत वाटलेले होते. जिथे आकडे दिसत होते तिथे हिट गाणी जास्तच हिट झाली, आणि गंमत म्हणजे आठ गटांत हिट गाणी वेगवेगळी निघाली. खूप चांगलं गाणं सहसा पार तळाला गेलं नाही, अगदी वाईट गाणं सहसा पहिलं आलं नाही, पण मधे काहीही होऊ शकत होतं. आपल्या मेरी कोमचं बघा ना, २०१० पर्यंत पाच वर्ल्ड टायटल झाली होती, पण घराघरात नाव पोचलं ते २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या ब्राँझनंतर, कारण बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच तेव्हा आणि सगळा देश एकाच वेळी बघत होता.

मग मेवेदरने काय केलं? १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला तो बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोवकडून १०-९ असा हरला, निकालावर वाद झाला, आणि आज तोदोरोवला कोण ओळखतं! प्रोमध्ये, म्हणजे पैशासाठीच्या बॉक्सिंगमध्ये, मेवेदर बरीच वर्षं 'प्रिटी बॉय' होता, जाणकारांचा लाडका, पण २००५ मध्ये आर्तुरो गॅटीशी लढला तेव्हा अटलांटिक सिटीचा हॉल भरला होता तो गॅटीसाठी. गॅटी त्याआधी अनेकदा हरलेला, डिफेन्स कच्चा, पण मिकी वॉर्डबरोबरच्या तीन फाइटमध्ये मार खाऊन परत उभं राहताना लोकांनी त्याला बघितलं होतं. मेवेदरने त्याला सहा राउंडमध्ये संपवलं, तरी लोकांच्या मनात गॅटीच राहिला.

मग ५ मे २००७ ला ऑस्कर डे ला होयाशी फाइट ठरली. ऑस्कर म्हणजे बार्सिलोना १९९२ ऑलिम्पिकचा गोल्डवाला, आई कॅन्सरने गेलेली, मेडल तिला वाहिलेलं, सगळ्यांचा आवडता. एचबीओ या अमेरिकन टीव्ही चॅनलने फाइटच्या आधी दोघांच्या तयारीवर सिरीज दाखवली आणि त्यात मेवेदर नोटांच्या गड्ड्या उडवत, तोंड सोडत खलनायक झाला, रिंगमध्येही मोठी मेक्सिकन सोम्ब्रेरो टोपी घालून आला. साधारण २४ लाख घरांनी पैसे भरून ती फाइट बघितली, तेव्हाचा रेकॉर्ड. संशोधक डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी बरंच आधी दाखवलं होतं की सामन्याची मजा खेळाडूंबद्दल आपल्या मनात काय आहे यावर ठरते. त्यांच्या गटाने १९८२ मध्ये एकच टेनिस मॅच वेगवेगळ्या कॉमेंट्रीसकट दाखवली, एकीत हे दोघे दोस्त आहेत म्हणून सांगितलं, एकीत एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणून, आणि दुश्मनीवाली मॅच लोकांना जास्त रंगली. खेळ तोच, शॉट तेच.

म्हणजे शोल्डर रोल न कळणाऱ्यालाही मेवेदरने एक काम दिलं, हा हरावा म्हणून बघत बसा. आणि यात त्याचा डिफेन्सच कामाला आला, कारण तो हरला नाही की पुढच्या वेळी परत पैसे भरायला लोक तयार. प्रोमध्ये तो एकदाही हरला नाही, आणि रेकॉर्डमधला तो हारवाला शून्य सगळ्यांना वाचता येतो. माझ्या मते तीच त्याची सगळ्यात मोठी युक्ती. पण त्याचं वाईट वागणं फक्त शोपुरतं नव्हतं, घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये तो २०१२ मध्ये जेलमध्ये गेला, आणि त्यानेही त्याची विक्री थांबली नाही हे मला आजही मनापासून खटकतं.

२ मे २०१५ ला मेवेदर आणि फिलिपिन्सचा स्टार बॉक्सर मॅनी पॅकियाओ शेवटी समोरासमोर आले. एकट्या अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी ती फाइट विकत घेतली, एचडीचा भाव १०० डॉलरच्या आसपास. कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बारा राउंड बघत होते. मेवेदरने जॅब टाकला, मागे सरकला, खांद्यावरून पंच घसरवले, पॅकियाओ दोरांजवळ आला की मिठी मारून थांबवला आणि तिन्ही जजकडून आरामात जिंकला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच तक्रार, पैसे फुकट गेले, काही झालंच नाही.