चेहऱ्याची कळ आणि ‘फिटची गोळी’ : थोडी पार्श्वभूमी

गालात करंट बसल्यासारखी कळ येते, काही सेकंदात जाते, पुन्हा येते, दात घासताना येते, नुसतं वारं लागलं तरी येते. आपल्याकडं कोणी याला दाढदुखी म्हणतं, कोणी अर्धशिशी, वैद्य लोक जुन्या ग्रंथांतल्या अनंतवाताशी जोडतात. डॉक्टरी भाषेत हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. युरोपात १७५६ ला याला ‘टिक डुलुरू’ असं वेगळं नाव मिळालं पण पुढं जवळजवळ दोनशे वर्षं धड औषध नव्हतंच.

खरा घोळ आहे तो कार्बामाझेपिनच्या गोळीचा. ही १९५३ ला तयार झाली, १९६२ ला या कळेवर तिचा गुण येतो असं छापून आलं. अमेरिकेत १९६८ ला तिला परवानगी मिळाली तीच मुळी या दुखण्यासाठी, फिटसाठी तिथं १९७४ उजाडावं लागलं. आणि आपल्याकडं मात्र तिचं नाव काय तर ‘फिटची गोळी’!

परभणीकडच्या माझ्या मावशीच्या दोन चांगल्या दाढा काढून झाल्या, कळ होती तिथंच, मग संभाजीनगरला न्यूरोच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली, आराम पडला. पुढच्या वेळी मेडिकलवाला सहज बोलून गेला, "फिट कोणाला येते?" घरात लग्नाची मुलगी, झालं, गोळी बंद. आठ दिवसात मावशी परत पदरानं गाल झाकून, भाकरी दुधात कुस्करून एका बाजूनं गिळायला लागली. एका शब्दापायी माणसानं एवढं सोसावं हे मला अजून सहन होत नाही.

गोळी साधी नाही हेही खरंय. डोस हळूहळू वाढवावा लागतो, झोप येते, चक्कर येते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं म्हणून तपासणी लागते, अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं, मनानं बंद करायची नाही.

बऱ्याच जणांत मेंदूजवळ रक्ताची नळी नसेला घासत असते. १९६० च्या दशकापासून मायक्रोस्कोपखाली ती नळी बाजूला करून मध्ये बारीक गादी ठेवायचं ऑपरेशन होतं, आता एमआरआयमुळं ती आधीच दिसते बऱ्याचदा. मावशीला ऑपरेशन नको म्हणून गोळीच चालू आहे, अन् पाकिटावर मी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, ‘गालाची गोळी’.