अहवालातील 'पी५३ पॉझिटिव्ह' म्हणजे काय? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाठीच्या तपासणीचा अहवाल हाती पडताच अनेक जण आमच्या काउंटरवरच पाकीट उघडतात आणि 'पी५३ पॉझिटिव्ह' या ओळीवर बोट ठेवून हे चांगले की वाईट, असे विचारतात. उभ्या उभ्या देता येईल असे त्याचे उत्तर नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे. पी५३ हे पेशींची वाढ आणि मृत्यू या दोन्हींवर लक्ष ठेवणारे प्रथिन आहे, म्हणून आधी या दोन बाजू पाहू.

नव्या पेशी किती तयार होतात आणि जुन्या किती मरतात, या दोहोंच्या मेळावर शरीराचा तोल राहतो. वाढीचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांपैकी रास हे एक. निरोप पोहोचला की ते स्वतःहून बंद होते. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातील पेशींत असे आढळले की, या प्रथिनातील बाराव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलल्याने ते सतत चालू राहते. असे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी पुरते. याउलट आरबी१ हे जनुक विभाजन रोखून धरते आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावरच लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा ही गाठ उद्भवते.

मरणाची बाजू मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात म्हणून. अशी पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज येत नाही. १९७२ मध्ये या क्रियेला दिलेले 'अ‍ॅपॉप्टोसिस' हे नाव पानगळीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. बीसीएल२ हे जनुक हा मृत्यू अडवते. फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात बहुधा १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते गरजेपेक्षा जास्त काम करू लागते, आणि ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या साठत जातात.

पी५३ या दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवते. डीएनएला इजा झाली की ते विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरणाकडे ढकलते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे प्रथिन बनवणारे जनुक बिघडलेले असते. तपासणीत पी५३ असेल तेथे रंग चढवून पाहतात. निरोगी पी५३ तयार होताच मोडले जाते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा रंग जेमतेम दिसतो. बिघडलेले प्रथिन मात्र बहुधा न मोडता साचते आणि पेशीकेंद्रे गडद तपकिरी दिसतात. म्हणजे येथे 'पॉझिटिव्ह' हा शब्द रक्षक हजर असल्याची ग्वाही देत नाही. शिवाय, जनुक इतके बिघडले की प्रथिनच तयार होत नाही, तर रंग अजिबात येत नाही. म्हणून नुसता 'निगेटिव्ह' शब्द वाचूनही निश्चिंत होऊ नये. अहवालात रंग किती पेशींत आणि किती गडद आहे हे लिहिलेले असते, ते आपल्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

'मग हे मुलांनाही होईल का?' हा पुढचा प्रश्न असतो. गाठीत सापडलेला बदल बहुतेक वेळा त्या गाठीपुरताच असतो. तो जन्मजात आहे का, हे पाहण्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते, आणि ती करायची की नाही हे डॉक्टर कुटुंबातील आजारांची माहिती घेऊन ठरवतात. गाठीच्या तपासणीसाठी येताना केवळ काचपट्ट्या न आणता, गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा मूळ ब्लॉकही आणावा. काम झाल्यावर तो आपल्याला परत दिला जातो.