कॅमेरा बदलायचाय? आधी तुमचं मेमरी कार्ड घेऊन या

गणपती आटोपले की दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "दोन वर्षं झाली किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सवर), आता कुठला कॅमेरा घेऊ?" मालवणातलेच नाही, कुडाळ, देवगड, वेंगुर्ल्याहूनही मनापासून फोटोग्राफी शिकणारी मंडळी येतात. हे पत्रक त्यांच्यासाठी. आम्ही कॅमेरे विकतो, त्यामुळे विक्री झालेली आम्हाला हवीच असते. पण घाईने घेतलेला कॅमेरा सहा महिन्यांनी परत विकायला आणलेला आम्ही पाहिला आहे. त्यात गिऱ्हाइकाचे जे पैसे बुडतात, ते आम्हाला बघवत नाहीत.

म्हणून आमचा उलटा प्रश्न असतो: तुमचा नेमका कुठला फोटो बिघडतो?

गेल्या जत्रांच्या दिवसांत एक तरुण आला. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या मोठ्या चकतीचा) कॅमेरा घ्यायचाच, असं ठरवूनच आला होता. आम्ही त्याचं कार्ड संगणकाला लावलं. दहिकाल्याचे, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकाचे, दीडेकशे फोटो होते, काळ्या वेषातला संकासुर, मागे पखवाजवाला, सगळं सुरेख टिपलेलं, पण हात-पाय फराटलेले आणि काळ्या कपड्यावर दाणेच दाणे. फोटोची माहिती उघडली तर झूम ५५ वर, लेन्सचं छिद्र एफ/५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे येतात) ६४००, शटर १/६० सेकंद. खोट बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, नव्हतीच; लेन्समधून उजेड कमी येत होता. त्याच्या त्याच कॅमेऱ्याला आम्ही ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स लावून दिली आणि रात्री जत्रेला पाठवलं. एफ/५.६ च्या मानाने एफ/१.८ मधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. आयएसओ १६०० वर उतरवून शटर १/१०० ठेवलं, तरी उजेड थोडा उरलाच. १/१०० च का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. मांडवातले साधे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि शटर त्या तालात बसलं की फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत. फुल फ्रेमच्या पैशांतला अगदी लहान हिस्सा त्याने खर्च केला. उरलेल्या पैशांतून तो आता गावोगावच्या जत्रा फिरतो.

लेन्स आधी, बॉडी नंतर, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स नीट सांभाळली तर दोन-तीन बॉडींना पुरते.

पक्ष्यांचं गणित वेगळं. उंबरावर बसलेला धनेश ५५ मिमीमध्ये ठिपक्याएवढा दिसणार, तिथे निदान ३०० मिमी हवी. एक गोष्ट बरेच जण विसरतात. तुमच्या आताच्या छोट्या सेन्सरवर ३०० ची लेन्स ४५० सारखं जवळचं दृश्य देते, कॅननवर ४८०. तीच लेन्स ३६ × २४ मिमीच्या फुल फ्रेमवर लावली की ३०० ची ३०० च. म्हणजे मोठा कॅमेरा घेऊन धनेश आणखी लांब गेला! ज्यांना पक्षीच टिपायचे आहेत त्यांना आम्ही फुल फ्रेम सुचवत नाही, मग ते कितीही आग्रह करोत.

मग बॉडी खरंच कधी बदलायची? उडता पक्षी किंवा धावतं मूल फोकसमध्ये धरताना कॅमेरा सतत मागे पडत असेल, तर नव्या मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) डोळा ओळखणारा फोकस मोठा फरक करतो. एफ/१.८ लावूनही रात्रीचे फोटो दाणेदार येत असतील, तर सेन्सर बदलण्यात अर्थ आहे. आणि लग्नाची कामं पैसे घेऊन करायला लागला असाल, तर दोन कार्डांची बॉडी घ्याच. एक कार्ड बिघडलं म्हणून कुणाचे सप्तपदीचे फोटो गेले, तर ते परत काढता येत नाहीत.

मिररलेसवर जाताना जुन्या लेन्स टाकून देऊ नका. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अॅडाप्टर (मधली जोडकडी) लावून त्यांच्या मिररलेस आरएफ बॉडीवर आपोआप फोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स त्यांच्या मिररलेसवर एफटीझेड अॅडाप्टर लावून तशाच चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो, कारण त्या अॅडाप्टरमध्ये मोटर नाही. इतर कंपन्यांच्या लेन्स दुकानात लावून बघूनच ठरवू. आणखी एक खर्च आधीच धरा. मिररलेसचा सेन्सर आणि पडदा सतत चालू असतो, बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे जादा बॅटरी लागतेच.

आता आपल्या हवेबद्दल, कारण इथे कॅमेरे वापराने कमी आणि हवेने जास्त मरतात. आमचीच एक जुनी लेन्स एका पावसाळ्यात बॅगेत राहिली. दसऱ्याला काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. बॅगेचं कापड ओल धरून ठेवतं, चामड्याची पेटी तर त्याहून वाईट. झाकण घट्ट बसणारा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले समजा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका. दुकानात आणा, आम्ही वाळवून देतो. किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढतानाचे फोटो काढून आलात की ओलसर मऊ कापडाने बॉडी पुसा, मग कोरड्याने, नाहीतर मीठ स्क्रूंना खातं. वाळूत वाऱ्यावर लेन्स बदलू नका. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीत राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

जुना कॅमेरा आम्ही बदलीत घेतो. लेन्समध्ये मागून टॉर्च मारून बुरशी बघतो, शटर किती वेळा चाललं ते तपासतो, फ्लॅशच्या खोबणीत गंज आहे का ते पाहतो, आणि हे सगळं तुमच्या समोर. भाव ऐकून पटला नाही तर कॅमेरा परत घेऊन जा, काही हरकत नाही.

येताना कॅमेरा, चार्जर, असतील तेवढ्या लेन्स आणा. कार्डातले बिघडलेले फोटो पुसू नका, आम्हाला तेच बघायचे असतात. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रांच्या दिवसांत मात्र सकाळच्या वेळी या. संध्याकाळी आम्हीही दुकान लवकर बंद करून कॅमेरा घेऊन निघालेले असतो.